जाधवांचं ‘जादेव’ झालं, पण नाव छापलं गेलं

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. सुरुवात परदेशातल्या एका रेकॉर्डपासून होते, पण पुढे आपल्या तालुक्यात यावंच लागतं. नाहीतर मी तरी कशाला लिहिलं असतं.

गिटार शिकणारी आपल्याकडची पोरं पहिल्या वर्षात जी चार इंग्रजी गाणी घासतात, त्यात ‘वंडरवॉल’ हमखास असतं. ओअ‍ॅसिस नावाच्या ब्रिटिश बँडचं, १९९५ चं. गॅदरिंगला ऐकलं नसेल तर रीलमध्ये तरी कानावर पडलंच असेल. तो शब्द त्या बँडने उसना घेतलेला आहे. ‘वंडरवॉल म्युझिक’ नावाची १९६८ सालची एक रेकॉर्ड आहे, जॉर्ज हॅरिसनची. हॅरिसन म्हणजे बीटल्सचा लीड गिटारवाला. स्वतःच्या एकट्याच्या नावावर त्याने काढलेली ही पहिली रेकॉर्ड. आणि तिचा बराच भाग मुद्रित झाला तो आपल्या मुंबईत, फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत.

हॅरिसनचा पहिला सोलो अल्बम कुठला असं विचारलं तर बरेच जाणकार ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ म्हणतात. बीटल्स फुटल्यावर १९७० च्या नोव्हेंबरात आलेला, तीन तबकड्यांचा. तो थोर आहेच, वाद नाही. पण मोजायला बसलं तर तो तिसरा येतो. पहिला ‘वंडरवॉल’. १ नोव्हेंबर १९६८ ला इंग्लंडमध्ये निघाला. चौघांपैकी कुणाचाही हा पहिलाच सोलो. (मॅकार्टनीने त्याआधी एका सिनेमाला संगीत दिलं होतं, पण ती रेकॉर्ड जॉर्ज मार्टिन ऑर्केस्ट्राच्या नावाने आली.) बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीची पहिली एलपीही हीच. अमेरिकेत ४९ व्या नंबरापर्यंत चढली, इंग्लंडच्या यादीत आलीच नाही. तीन आठवड्यांत बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा डबल अल्बम बाजारात आला आणि लोक त्याच्या मागे गेले.

गिटारवाल्याची पहिली रेकॉर्ड म्हटल्यावर आपण काय धरून चालतो? गिटार, आणि तो स्वतः गातोय. इथे त्याने गायलेलं एकही गाणं नाही. १९ छोटे छोटे तुकडे आहेत, काही दीड-दोन मिनिटांत संपतात. पहिलाच तुकडा ‘मायक्रोब्ज’ नावाचा, आणि सुई टेकली की ऐकू येते ती सनई. शहनाई म्हणा हवं तर, मी सनईच म्हणणार.

हे घडलं कसं ते थोडक्यात सांगतो. जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाचा ‘वंडरवॉल’ सिनेमा. एक एकलकोंडा, म्हातारा होत आलेला प्रोफेसर भिंतीच्या भोकातून शेजारी राहणाऱ्या मॉडेल मुलीचं आयुष्य बघत बसतो, एवढीच गोष्ट. प्रोफेसर झाला जॅक मॅकगोरन, मुलगी जेन बर्किन. सिनेमा यथातथाच आहे. पण त्यात संवाद फार कमी, त्यामुळे संगीताला मैदान मोकळं. मॅसॉटने हॅरिसनला शब्द दिला होता की तू जे देशील ते मी वापरीन. हॅरिसन तेव्हा २४ वर्षांचा. सिनेमाचं संगीत कधी केलेलं नाही. त्याने स्टॉपवॉच घेतलं, सिनेमा लावला, कुठला प्रसंग किती सेकंदांचा ते टिपून घेतलं आणि तेवढ्या मापाचं संगीत करायला बसला. आपल्याकडे मांडव घालणारा आधी टेपने जागा मोजतो, तसं. संगीतासाठी निर्मात्यांनी ६०० पौंड धरले होते, खर्च १५,००० च्या घरात गेला आणि वरचे पैसे त्याने खिशातून घातले, असं त्याच्या चरित्रांत येतं.

त्या काळात त्याच्या डोक्यात सतार होती. १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे शिकायला मुंबईत येऊन गेला होता. ताजमध्ये खोट्या नावाने उतरला, ओळखला गेला, खाली पोरापोरींची ही गर्दी, आणि शेवटी गुरु-शिष्यांनी काश्मीर गाठलं. आपल्या संगीताने तो खरोखर झपाटला होता. हौस म्हणून चार दिवस सतार धरणारे पुष्कळ झाले, हा त्यातला नव्हता. आणि आता त्याच्या हातात असा सिनेमा आला होता की ज्यात काहीही वाजवलं तरी चालणार होतं. त्याने ठरवलं, माझ्या लोकांना हे संगीत ऐकवतो. रॉकचे तुकडे लंडनमध्ये केले, लिव्हरपूलच्या रेमो फोर या बँडला आणि जॉन बारहॅम या पियानोवाल्याला घेऊन. आणि १९६८ च्या जानेवारीत विमानाने मुंबई गाठली.

आता तो स्टुडिओ. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हा भाग. मुंबईच्या एचएमव्हीकडे तेव्हा मोनो मशीन होतं, एकाच ट्रॅकचं. दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन होतं कलकत्त्याला. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते मशीन रेल्वेने कलकत्त्याहून मुंबईला आणलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे आणि मग जगभरच्या ईएमआयचे प्रमुख झाले. तर कलकत्ता ते मुंबई, त्या काळची रेल्वे, आणि ब्रेकव्हॅनमध्ये असो की डब्यात, जिवापाड जपलेलं मशीन. लंडनला जगातला सगळ्यात महागडा स्टुडिओ ज्याला मोकळा आहे, तो माणूस या मशीनची वाट बघतोय.

स्टुडिओ होता ऑफिसांच्या इमारतीत. आवाज अडवण्याची सोय अशी नव्हतीच. हॅरिसनने पुढे सांगितलंय की नीट कान देऊन ऐकलंत तर मुंबईच्या तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्स्या ऐकू येतात. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, कारण बाबूलोक जिना उतरायला लागले की पायांचा धडधडाट आत यायचा. मला ते दृश्य स्वच्छ दिसतं. हातात डबा, डोळ्यांपुढे ५ वाजून ५० ची लोकल, आणि भिंतीपलीकडे बीटल्समधला एक जण डोक्याला हात लावून बसलाय. त्यातल्या एकाला तरी माहीत असेल का?

आणि आत कोण कोण होतं? संतूर घेऊन शिवकुमार शर्मा. १३ जानेवारीचा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे त्याच दिवसांत ते ३० पूर्ण करत होते. सतारीवर रविशंकरांचे शिष्य शंभू दास. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. तार शहनाईवर विनायक व्होरा. (तार शहनाई म्हणजे दिसायला इसराजच, फक्त तिला ग्रामोफोनसारखा भोंगा असतो आणि आवाज सनईच्या जवळ जातो. रेकॉर्डवरचा ‘क्राइंग’ नावाचा तुकडा तिचाच आहे. नाव सार्थ आहे.) हार्मोनियम आणि तबलातरंगाला रिजराम देसाद. बासरीवर एस. आर. केंकरे. आणि सनईवर शरद जाधव, हनुमान जाधव.

शेवटची चार-पाच आडनावं पुन्हा वाचा. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातलं गाव. केंकरे म्हटलं की गोवा-कोकण डोळ्यांपुढे येतं. जाधव तर काय, दगड उचलला की सापडतात. बीटल्सवर इंग्रजीत किती पुस्तकं निघाली असतील मोजदाद नाही, आणि त्या प्रत्येक जाडजूड पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात हे आपले लोक बसलेले आहेत.

हे वादक म्हणजे मुंबईच्या सिनेसंगीताच्या जगाजवळचे. माझा अंदाज असा की हॅरिसनचं स्टॉपवॉच बघून त्यांना काहीच नवल वाटलं नसणार. ‘एवढ्या सेकंदांत उदास करा’, ‘इतक्या सेकंदांत बाग दाखवा’, हे तर मुंबईतलं रोजचं काम. पण एक गोष्ट त्यांना नवी असणार. १९६८ च्या सुमाराला हिंदी सिनेमाची रेकॉर्ड काढून बघा. कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. वादकांची नावं सहसा नाहीत. ज्या गाण्याची ओळख आपण त्यातल्या मँडोलिनवरून किंवा बासरीच्या तुकड्यावरून पटवतो, ते वाजवलं कुणी हे कव्हर सांगत नाही. या लोकांवर ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेऊन पुस्तक लिहिलं, ते आलं २००८ मध्ये. त्याचं नावच ‘बिहाइंड द कर्टन’.

‘वंडरवॉल म्युझिक’वर मात्र वादकांची नावं आहेत. बारा भारतीय नावं. आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शंकर घोष, इंद्रिल भट्टाचार्य आणि वर सांगितलेले सगळे. आता गंमत बघा. त्याच रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनने गिटार वाजवलीय, ‘स्कीइंग’ नावाच्या तुकड्यात. त्याचं खरं नाव तिथे नाही. जगातला सगळ्यात नावाजलेला गिटारवाला गायब, आणि आपले केंकरे तिथे छापलेले!

नावं छापली, पण कशी? जाधवांचं स्पेलिंग जे-ए-डी-ई-व्ही. म्हणजे जादेव. दोघांचंही. चंद्रशेखर एवढंच, नारिंग्रेकर गळालं. विनायकचं ‘विनाइक’. लंडनच्या प्रेसमध्ये कुणीतरी कानाने ऐकून किंवा कुणाच्या तरी हस्ताक्षरातून वाचून लावलेली ही अक्षरं आहेत. आम्ही वर्तमानपत्रवाले असली चूक बघितली की हळहळतो. पण मी उलट म्हणतो. चुकीचं का होईना, छापलं होतं म्हणून पुढच्या माणसाला दुरुस्त करता आलं. आज या रेकॉर्डबद्दल लिहिणारे जाधव असं नीट लिहितात. जिथे काहीच छापलं नव्हतं तिथे दुरुस्त काय करणार?

त्याचंही उदाहरण याच माणसाच्या खात्यावर आहे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या बीटल्सच्या रेकॉर्डवर हॅरिसनचं एक गाणं आहे, ‘लव्ह यू टू’. त्यात तबला वाजवला अनिल भागवत यांनी. त्यांचं नाव कव्हरवर आहे, म्हणून आज सगळ्या जगाला माहीत आहे. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, ‘सार्जंट पेपर’ आली. तिच्यावर ‘विदिन यू विदाउट यू’ हे त्याचं गाणं. दिलरुबा, तंबोरा, तबला, सगळा साज आपला. वाजवणारे लंडनमधले भारतीय. त्या रेकॉर्डचं कव्हर जगप्रसिद्ध आहे, माणसंच माणसं. हॅरिसनच्या आग्रहावरून त्या गर्दीत चार भारतीय योग्यांचे चेहरे घातले: बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर आणि योगानंद. वादकांचं मात्र एकही नाव नाही. ती नावं लोकांना कळली २०१७ मध्ये. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कन्सारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर. ५० वर्षं लागली! तीसुद्धा लिव्हरपूलच्या विद्यापीठातल्या एका संशोधकाने चिकाटी धरली म्हणून, आणि रेकॉर्ड बीटल्सची होती म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर कोण शोधायला गेलं असतं?

मुंबईच्या त्याच मुक्कामात, १२ जानेवारीला, आणखी एक गाणं मुद्रित झालं. ‘दि इनर लाइट’. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. सिंगल म्हणजे छोटी तबकडी, मध्ये गोल लेबल, त्यावर बँडचं नाव आणि गाणं. वादकांना जागाच नाही. चौरसिया पुढे एवढे मोठे झाले म्हणून ही गोष्ट सांगितली तरी जाते.

आता कुणी म्हणेल, हा पत्रकार गोऱ्या माणसाची फार ओवाळणी करतोय. तसं नाही. रेकॉर्ड ऐकताना मलाही दोन गोष्टी खटकल्या. एक तर तुकडे फार लहान आहेत. शिवकुमारांचं संतूर रंगात यायला लागतं आणि पडदा पडतो. वाढप्याने जिलबी दाखवून ताट उचलावं तसं. सिनेमाची गरज होती, कबूल, पण रेकॉर्डवर थोडं सैल सोडता आलं असतं. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. सगळ्या १९ तुकड्यांची रचना ‘जॉर्ज हॅरिसन’ या एका नावावर आहे. त्यातल्या एकाचं नाव ‘गत किरवाणी’. किरवाणी राग कुणाच्या बापाचा नाही. त्यात सरोदवर बोटं फिरतात ती आशिष खाँची, आणि त्या बोटांत अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या घराण्याची तालीम आहे. अशा वेळी रचना कुणाची म्हणायची? किती सेकंद, कुठला भाव, कुठली वाद्यं हे ठरवणाऱ्याची, की प्रत्यक्ष स्वर काढणाऱ्याची? पाश्चात्त्य पद्धतीत एक नाव लिहावं लागतं, त्यांनी लिहिलं. रॉयल्टी नावाच्या मागे जाते, ती गेली. म्हणजे वादक म्हणून नाव मिळालं, पण मालक म्हणून नाही. हा फरक आहे आणि तो लहान नाही.

तरीही एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. तो हे सगळं वापरून पसार झाला नाही. १९६८ च्या मध्यात त्याने सतारीचा नाद सोडला, आपण त्यात मोठे होणार नाही हे ओळखून, आणि पुन्हा गिटारकडे वळला. पण माणसं सोडली नाहीत. १९७४ मध्ये रविशंकरांच्या बरोबर भारतीय वादकांचा मोठा ताफा युरोप-अमेरिकेत फिरवला, त्यात शिवकुमार होते, हरिप्रसाद होते, आणि तेच रिजराम देसादही होते.

आता कायद्याकडे येतो, कारण ‘तो जमाना वेगळा होता’ असं म्हणून हा विषय बंद करता येत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने ‘परफॉर्मर’ म्हणजे सादर करणाऱ्याला हक्क दिले. व्याख्या मोठी छान आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतवाला, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन सांगितलं की हे माझं सादरीकरण आहे, माझी ओळख त्याला जोडा, असं म्हणायचा परफॉर्मरला हक्क आहे. टाळ्या वाजवाव्यात असं. पण त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक शेपूट लावलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच येत नाही, त्याला परफॉर्मर धरायचं नाही. त्याच्या कामाची कुणी मोडतोड केली तर तक्रार करायची तेवढी मुभा ठेवली. वकील मित्रांनी कलम २ (क्यूक्यू) काढून बघावं. ‘किरकोळ’ कुणाला म्हणायचं हे ठरवणार कोण, यावर वाद घालता येतो, मान्य. पण रिवाज पाडणारे निर्माते आणि रिवाजाचा फटका वादकाला, ही रचना मला काही पचत नाही. नाव न छापण्याची सवय हीच पुढे हक्क नाकारण्याची सबब होऊन बसते.

आणि हे फक्त सिनेमात होतं असं समजू नका. इथून पुढे आपला तालुका.

आपल्याकडचे एक सनईवाले आहेत. वय साठीच्या पुढे. नावाबद्दलच्या पोस्टमध्ये त्यांचं नाव देत नाही हे विचित्र वाटेल, पण अर्ज अजून जिल्ह्याला आहे आणि त्यांनीच नको म्हटलंय. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. महिना ५,००० रुपये. वयाची ५० वर्षं पूर्ण हवीत, कलेत किमान १५ वर्षं घातलेली हवीत, उत्पन्न मर्यादेत हवं. काका या सगळ्यात बसतात. अडलं कुठे, तर पुराव्यावर. कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका.

माझ्याकडे आले होते. मी विचारलं, किती वर्षं वाजवताय? म्हणाले, “शाळा सुटल्यापासनं.” मग पुरावा? “पुरावा म्हंजे? गावाला इचारा की.”

गावाला विचारलं तर गाव हो म्हणेल. निम्म्या गावाची लग्नं त्यांच्या सनईवर लागलीत. पण समितीपुढे गाव नेता येत नाही, कागद न्यावा लागतो. म्हणून आम्ही दोघं एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे जुने गठ्ठे घेऊन बसलो. त्यांना तारखा पाठ. अमुक साली बँकेच्या इमारतीचं उद्घाटन, तमुक साली साहेबांचा सत्कार. बातम्या सगळ्या सापडल्या. एका बातमीत मंचावरच्या लोकांची नावं मी मोजली, २३ भरली. त्यात उशिरा आलेलेही होते, न आलेलेही असतील. आणि काका कुठे? ‘सनई-चौघड्याच्या निनादात पाहुण्यांचे आगमन झाले.’ निनाद! वाजवायला माणूसच नको जणू. एका फोटोत मंत्र्यांच्या खांद्यामागे सनईचं टोक आणि फुगलेला अर्धा गाल दिसतोय. काकांनी गालावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्यो मीच.” अर्ध्या गालावर मानधन मंजूर होतं का, बघू. कात्रण जोडलंय.

हे असं का होतं त्यामागे फक्त विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही. वाद्य वाजवणाऱ्याला आपण वाजंत्री म्हणतो आणि मांडव, भांडी, जनरेटरच्या यादीत लिहितो. वाजवणारी घरं कुठल्या आळीतली असतात, जेवायला कुठल्या पंगतीला बसतात, हेही आपल्याला माहीत आहे. सुपारी देताना हात आखडता, बिदागी देताना लिफाफा लांबून. सनई मात्र दारात हवी, कारण तिच्याशिवाय शुभ होत नाही. आणि सनईवाल्याच्या शेजारी एक जण असतो जो फक्त सूर धरतो. एकच स्वर, तासन्‌तास, गाल फुगवून. तो थांबला तर सनई उघडी पडते. त्याचं नाव तर सनईवाल्याच्या बायकोखेरीज कुणी विचारलं नसेल.

‘मायक्रोब्ज’ ऐकताना मला नेमकं तेच आठवत होतं. दोन जाधव. एकजण पुढे जातो, दुसरा त्याला धरून राहतो, मग सरमिसळ होते. कुठला शरद आणि कुठला हनुमान हे आवाजावरून सांगता येत नाही. पण दोन होते हे तरी कव्हर सांगतं.

यंदा आपल्या यात्रेच्या निमंत्रणपत्रिकेचं काम माझ्याकडे आलं होतं, मजकूर तपासायला. दरवर्षीप्रमाणे वर देवाचं नाव, मग प्रमुख पाहुणे, मग ‘आपले नम्र’ म्हणून ३१ जणांची रांग. खाली ‘सनई-चौघडा’ असं होतं, त्याखाली दोन ओळी वाढवल्या. सनई: अमुक. सूर: अमुक. चौघडा: अमुक, अमुक. डीटीपी करणाऱ्या पोराने विचारलं, “सर, सूर म्हणजे काय टाकायचंय?” त्याला सांगितलं. समितीतले एक जण म्हणाले, “मग मांडववाल्याचं पण टाका की.” म्हटलं, सांगा नाव, टाकू. त्यांनाही ते पाठ नव्हतं, फोन करून विचारलं. तेही टाकलं.

पहिल्या प्रूफमध्ये सूर धरणाऱ्या पोराच्या आडनावाचा रफार गेला होता. तो लावून घेतला. पत्रिका छापून झाल्यात, हजार प्रती, सोमवारपासून वाटप. एक प्रत काकांच्या अर्जाला जोडायची आहे.